जावईबापूंचा ट्यूबा

माणसाला नाही म्हणता आलं नाही की त्याचं काय होतं हे बघायचं असेल, तर आमच्या बापूकडे बघावं. घरात सगळे त्याला जावईबापू म्हणायचे, बँडमध्ये नुसता बापू. गडी गुणी होता. बागेतल्या चौथऱ्यावर नगरपालिकेचा बँड लागला आणि बापूचा ट्रॉम्बोन एकटा वर निघाला, की आया पोरांना गप्प करून ऐकायच्या. पण ट्रॉम्बोन ओठांपासून बाजूला झाला की त्या तोंडातून एकच शब्द निघायचा, आणि तो म्हणजे हो.

लग्न झालं तेव्हा दुसरी जागा मिळेपर्यंत म्हणून तो सासरी राहायला आला, एक बॅग आणि एक ट्रॉम्बोन घेऊन. जागा काही मिळाली नाही, कारण ती कुणी शोधलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढं घर असताना बाहेर कशाला जायचं. हा म्हणाला, हो. सासरे म्हणाले, आमच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनची खुर्ची रिकामी आहे. हा म्हणाला, हो. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुमचं कपाट जरा आत सरकवलं तर माझी सायकल मावेल; हा म्हणाला, हो, आणि स्वतःच सरकवलं. असं हो-हो करता करता सात वर्षं गेली. नवरा-बायकोच्या वाट्याला जी खोली आली होती तिचं दार त्या कपाटाला अडायचं. ते पुरतं उघडायचंही नाही आणि पुरतं लागायचंही नाही. रात्री कुणी खोकलं तरी सकाळी सासूबाई काढा घेऊन उभ्या.

छळ म्हणाल तर कुणी करत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. सगळी माणसं प्रेमळ. त्यामुळे तर बापूची जास्तच पंचाईत होती, कारण भांडायचं कुणाशी?

अशा माणसाच्या पोटात एक गुपित होतं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. जरा लांबच्या शहरात एक मोठं नाट्यगृह होतं. तिथल्या वाद्यवृंदातला ट्रॉम्बोनवाला सोडून गेल्याचं बापूच्या कानावर आलं, आणि ट्रॉम्बोनची पुढेमागे सरकणारी नळी, म्हणजे स्लाइड, दुरुस्त करून आणतो अशी थाप मारून तो तिथे जाऊन वाजवून आला. त्यांनी त्याला दोनदा ऐकलं. मग फोन आला, जागा तुमची, येणार की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवा. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. बापू त्या बघूनही आला होता. खिडकी कुठल्या अंगाला होती, नळाला पाणी होतं का, काही विचारू नका, त्याला सांगता आलं नसतं. पण आतल्या खोलीला दार होतं आणि त्याची कडी व्यवस्थित बसत होती, हे त्याने तीनतीनदा लावून पाहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? हो म्हणण्यात तर हा पटाईत. अहो, पण तिकडे हो म्हणायचं म्हणजे इकडे नाही म्हणणं आलं! बायकोलाही त्याने सांगितलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. दिवसभर मान मोडून घरी आली की आईशी बोलल्याशिवाय तिला घास जायचा नाही, आणि बोलायला बसली की तिच्या पोटात काही राहायचं नाही. तिला सांगणं म्हणजे घरालाच सांगणं. सवड बघून सांगू, असं स्वतःला बजावत बापू एकेक दिवस ढकलत होता.

त्यात काही महिन्यांपूर्वीच आबांचे दात काढले होते.

आबा म्हणजे सासरे. जन्मभर त्यांनी बँडमध्ये ट्यूबा वाजवला. ट्यूबा म्हणजे बँडचा खर्ज. तरण्या पोराएवढं ते पितळेचं धूड मांडीवर घ्यायचं, आणि पोटातून दम काढून असा सूर लावायचा की बाकीची सगळी वाद्यं त्याच्यावर निवांत बसली पाहिजेत. त्याला ओठ लागतात, छाती लागते आणि ओठांना टेकायला पुढचे दात लागतात. आबांचे वरचे दात हलायला लागले होते ते दंतवैद्याने सगळेच काढून टाकले आणि कवळी बसवली. कवळीने भाकर चावता येते, ट्यूबा वाजवता येत नाही. जोरात फुंकलं की कवळीच सुटून यायची. एकदा तालमीत ती खरोखरच बाहेर आली आणि ढोलवाल्याला हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून आबा गेले नाहीत. त्यांचा जुना ट्यूबाही तोवर इतका झिजला होता की नळ्यांमधून हवा जायची. दुरुस्तीवाल्याने हात टेकले आणि तो मोडीत निघाला. आबा खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. दाढी करेनात, धड बोलेनात. सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणायच्या, माणूस आहे की गेलं, काही कळत नाही.

एका रविवारी बँडमास्तर जेवायला आले. खर्जाशिवाय बँड म्हणजे पाय नसलेलं टेबल झालंय, असं त्यांनी पहिल्या घासालाच सांगितलं. नवीन ट्यूबा घ्यायला नगरपालिकेने मान्यता दिली होती, प्रश्न वाजवणाऱ्याचा होता. बाहेरचा कोण आणायचा? ट्रॉम्बोनवाल्याचा ओठ ट्यूबाच्या मोठ्या माउथपीसवर लवकर बसतो, असं ते म्हणाले आणि बापूकडे बघायला लागले. मेहुणा तत्परतेने म्हणाला की ट्रॉम्बोनची काळजी करू नका, तो मी बघतो. हा मेहुणा बँडमध्ये झांजा वाजवायचा आणि ट्रॉम्बोनच्या खुर्चीवर त्याचा केव्हापासून डोळा होता. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे खुर्ची घरातच राहील. खिडकीशी बसलेल्या आबांनी मान वळवून पाहिलं.

बापूच्या तोंडात त्या वेळी घास होता. तो गिळण्यासाठी त्याने मान खाली-वर केली. बँडमास्तरांनी ताट बाजूला सारून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, वा, याला म्हणतात मन! शनिवारी आबांबरोबर दुकानात जा आणि तुमच्या हाताने निवडून आणा.

संपलं. एका घासाने बापू कात्रीत सापडला. त्या रात्री खोलीत बायकोने सांगितलं की आबांनी आज किती दिवसांनी गरम पाणी मागून दाढी केली. "तू हो म्हणालास म्हणून," ती म्हणाली, आणि त्याच्या दंडावर डोकं टेकून झोपली. नाट्यगृहाचं वाक्य बापूच्या जिभेवर तयार होतं. ते त्याने परत गिळलं आणि कपाटाच्या पाठीकडे बघत पडून राहिला.

मग त्याने एक युक्ती काढली. नाही म्हणायचं नाहीच, तर दुकानात जाऊन एकेका ट्यूबात खोड काढायची. हा फुटका, तो बेसूर, त्याला दम फार लागतो. एकही पसंत पडला नाही की विषय तरी महिन्याच्या पुढे जाईल. भित्र्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा! एक शब्द बोलायचा वाचावा म्हणून सगळं दुकान नापास करायला निघाला.

दुकान म्हणजे पुढे गिटारी टांगलेल्या, मागे एक खोली. खोलीत छतापर्यंत वाद्यांच्या पेट्या रचलेल्या, मधे एक स्टूल. दार आत उघडणारं. वाजवणारा स्टुलावर बसला आणि त्याने मांडीवर ट्यूबा घेतला की दार उघडायचीच सोय नाही. तो उठेल तेव्हा सगळ्यांची सुटका. बापूच्या गुडघ्याला गुडघा लावून आबा एका पेटीवर बसले, दुकानदार भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि दार लागलं. 

पहिला ट्यूबा बी-फ्लॅटचा, म्हणजे ट्रॉम्बोनच्याच पट्टीचा होता, नवा कोरा. दुकानदाराने सांगितलं, ट्रॉम्बोनवाले हाच नेतात. बापूने मोठा दम घेऊन फुंकलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्या दमाला सूर लागला, आणि असा लागला की पेट्या थरथरल्या. बापू चपापला. ट्रॉम्बोनचीच नळी दुपटीने लांब करून गुंडाळून ठेवावी तसा तो प्रकार होता. ट्रॉम्बोनच्या स्लाइडची जी ठिकाणं त्याचा हात झोपेतही चुकत नव्हता, त्या प्रत्येक ठिकाणाला इथे एक बोट होतं, की दाब व्हॉल्व्हची कळ आणि निघाला सूर. दोनचार चुका करून तो अख्खी सुरावट उतरून आला. हे वाद्य घरी गेलं तर पंधरवड्यात आपण चांगले ट्यूबावाले होऊन बसू, आणि चांगल्या ट्यूबावाल्याला कुणी कधी सोडत नाही, हे त्याला लख्ख दिसलं. 

"पोकळ वाटतो," तो म्हणाला. दुकानदाराच्या भुवया वर गेल्या. आबांनी पुढचा काढायला सांगितला.

दुसरा तीन व्हॉल्व्हचा, पोचे आलेला होता. तो आबांनीच हाताने बाजूला सारला. तिसरा जरा लहान, जुना पण घासूनपुसून ठेवलेला. हा ई-फ्लॅटचा आहे, दुकानदार म्हणाला, पट्टीच वेगळी, तुम्हाला बोटं सगळी नव्याने शिकावी लागतील. बापूने फुंकलं. पहिला सूर ओठांना सापडला, पण पुढच्या पायरीवर बोटांनी भलताच व्हॉल्व्ह दाबला आणि म्हैस हंबरावी तसा आवाज आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हाताला जे माहीत होतं ते सगळं इथे उलटं पडत होतं. आणि तेव्हा बापूच्या डोक्यात लखलखाट झाला. नापास कशाला करायचं? हाच घ्यायचा! घेतला म्हणजे घरचे खूश, बँडमास्तर खूश. आणि आपल्याला तो येणारच नाही. दोन आठवड्यांत सगळे कंटाळतील, आपणहून म्हणतील की बापू, राहू द्या, तुमचं काम नाही हे. मग कुठेही जा, कुणी अडवणार नाही. न मागता सुट्टी.

"हाच," बापू म्हणाला.

 आबांनी नक्की का म्हणून विचारलं, आणि बापूने हो म्हटलं. त्याचं आवडतं काम ते. आबांनी हात लांब करून त्या ट्यूबाच्या व्हॉल्व्हवर आपली चार बोटं ठेवली. बोटं न बघता जागेवर जाऊन बसली.

"माझाही ई-फ्लॅटच होता," ते म्हणाले.

 सात वर्षं बापू आबांच्या पुढे बसला होता, त्यांच्याकडे पाठ करून! खर्ज कानाने ऐकला, पण आबा कुठला व्हॉल्व्ह दाबतात हे एकदाही वळून पाहिलं नाही. ट्यूबा कधी घरीही आला नव्हता, तो बँडच्या खोलीतच असायचा, आणि आबांचा रियाजही तिथेच. सगळे बी-फ्लॅटच वाजवतात हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. ट्रॉम्बोनवाल्यांना पाठीमागच्या माणसाची कधी फिकीर नसते, असं बँडमध्ये गमतीने म्हणतात. बापूला मात्र त्यात काही गंमत वाटली नाही. त्याला तिथून उठून पळायचं होतं, आणि उठताही येत नव्हतं, कारण ट्यूबाचं तोंड वरच्या फळीखाली अडकलं होतं आणि दुकानदार ते सोडवण्यासाठी त्याच्या डोक्यावरून हात घालून खटपट करत होता.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. नवशिक्याला घरी सराव लागेल म्हणून बँडमास्तरांनी ट्यूबा घरी नेऊ दिला. आबा पहाटे उठून, दाढी करून, कवळी घालून बापूच्या दाराशी उभे. दार पुरतं लागत नसल्यामुळे त्यांना ठोठावावंही लागायचं नाही, ते फटीतूनच हाक मारायचे. मागच्या खोलीत भिंतीशी बापूचं स्टूल, मांडीवर ट्यूबा, आणि उजव्या अंगाला खेटून आबा. आबांना फुंकता येत नव्हतं, पण बाकी सगळं येत होतं. कुठल्या सुराला कुठलं बोट, दम कुठे घ्यायचा, ओठ किती सैल सोडायचा. बापू चुकला की ते त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाबायचे. त्यांचा हात कोरडा आणि गरम असायचा.

बापू चुकायचा, आणि मुद्दाम चुकावं लागत नव्हतं हीच त्याची एक सोय होती. तालमीत त्याने दोन चालींचा चुराडा केला. झालं, आता बोलणी खाऊ, म्हणून तो मनातून सुखावला. पण बँडमास्तर म्हणाले, घाई नाही, आबा म्हणतायत सहा महिने द्या, आपण वर्ष देऊ. ढोलवाला म्हणाला, जमेल हो. कुणीतरी खेकसलं असतं तर बापूने त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं! घरी तर विचारूच नका. सासूबाईंनी त्याच्यासाठी सायीचं दूध सुरू केलं. तुमच्यामुळे माणूस परत आलं हो, असं त्या दर वेळी पेला देताना म्हणायच्या, आणि तो पेला हातात घेणं म्हणजे आणखी एक कडी आपल्या हाताने लावून घेण्यासारखं बापूला वाटायचं. बायको दुकानातून आली की आधी आबांना विचारायची, आज काय शिकवलंत. आबा जेवताना घडाघडा बोलायचे. खिडकीशी खुर्ची होती ती कुणीतरी उचलून ठेवली होती.

एके दिवशी मेहुण्याने विचारलं, भावोजी, तुमचा ट्रॉम्बोन नुसता पडून आहे तर मी जरा हात बसवू का. ट्रॉम्बोन बापूचा स्वतःचा होता, लग्नाआधीचा. तो हो म्हणाला. आता मेहुणा संध्याकाळी पलीकडच्या खोलीत बसून वाजवायचा, स्लाइड बोटभर कमी ओढायचा, आणि प्रत्येक सूर जरासा चढा लागायचा. बापू भिंतीला टेकून ऐकायचा. त्याचा उजवा हात आपोआप पुढे जायचा, सूर जागेवर आणायला, आणि हातात काहीच नसायचं.

एकदा त्याने धीर केला. आबांना म्हणाला, मला हे जमेल असं वाटत नाही. आबा म्हणाले, मलाही पहिलं वर्ष असंच वाटायचं. बस्स. आबांनी लगेच पुढची चाल काढली.

मग एका सकाळी आबा म्हणाले, "तुम्ही हात काढा. नुसतं फुंका." बापूने हात मांडीवर ठेवला. आबांनी त्याच्या पाठीमागून खांद्यावरून हात घातला आणि व्हॉल्व्हवर बोटं ठेवली. बापूने फुंकलं, आबांनी बोटं चालवली. दोघांचं मिळून एक वाद्य वाजलं. आधी अडखळलं. मग बापूला कळलं की आबांचं बोट हलायच्या आधी त्यांची छाती त्याच्या पाठीला जराशी लागते, तोच इशारा. तेव्हापासून ते बरोबर जमलं. आबा बँडमध्ये वाजवायचे ती एक संथ चाल होती, जिच्यात मधे बाकीची वाद्यं थांबतात आणि ट्यूबा एकटा गातो. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. दम बापूचा, गाणं आबांचं. बापूने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर आबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं. बापूला इतकं बरं वाटलं, आणि इतकी भीती वाटली, की त्याला दोन्ही वेगवेगळं करता आलं नाही. या माणसाला सोडून आपण कसे जाणार? आणि नाही गेलो, तर जन्मभर ह्यांना दम पुरवत बसणार का?

त्यानंतर रोज धडा संपला की ते दोघं मिळून ती चाल वाजवायचे. दोघांनाही त्याच्याबद्दल कधी बोलावंसं वाटलं नाही. महिना संपत आला. बापू रात्री फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. उत्तर दिलंच नाही तर जागा आपोआप जाईल, असं त्याच्या मनात यायला लागलं. म्हणजे तिकडेही नाही म्हणायला नको.

शेवटच्या दिवशी धडा संध्याकाळी ठेवला होता, आणि ती चाल चालू असताना स्वयंपाकघरात फोन वाजला. बापूचाच फोन, चार्जिंगला लावलेला. बायकोने घेतला. एकट्या ट्यूबाचा तुकडा नुकता सुरू झाला होता तेवढ्यात ती फोनवर हात ठेवून दारात आली.

"कुठल्याशा नाट्यगृहातून आहे," ती म्हणाली. "म्हणतात, आज शेवटचा दिवस, येणार की नाही ते सांगा. कुठे येणार?"

बापूच्या ओठांवर माउथपीस होता. डाव्या अंगाला भिंत, मांडीवर ट्यूबा, खांद्यावर आबांचा हात. तो फुंकत राहिला. थांबला असता तर बोलावं लागलं असतं, म्हणून दम संपेपर्यंत फुंकला, आणि मग दम संपला.  पलीकडे मेहुण्याचा ट्रॉम्बोनही थांबला.

आबांनी हात काढला नाही. "त्यांना जरा थांबायला सांग," ते लेकीला म्हणाले. मग बापूच्या कानाशी, हळू आवाजात, "दुकानात तो पहिला ट्यूबा तुम्ही दुसऱ्या दमाला बोलता केलात. आणि म्हणालात, पोकळ आहे. जावईबापू, माझे दात गेलेत, कान गेले नाहीत."

बापूला मान वळवायचं धाडस होईना. "तुम्हाला माहीत होतं?"

"ट्रॉम्बोनवाला आपणहून ई-फ्लॅट उचलतो तो शिकायला नाही उचलत. तुम्हाला जायचंय एवढं कळलं. कुठे, ते नव्हतं कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

 व्हॉल्व्हवरची बोटं आबांनी एकदा दाबली आणि सोडली.

"म्हटलं, जाईपर्यंत तरी वाजवून घेऊ."

बापूला रडू आलं, आणि ते ट्यूबाआड लपण्यासारखं नव्हतं. बायको दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. चढ्या आवाजात म्हणाली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

"चुकलंच माझं," बापू म्हणाला. आणि मग सात वर्षांत जे वाक्य त्या घरात त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते निघालं. "मला जायचंय. ट्रॉम्बोन वाजवायचाय. तू येशील का?"

तिने आबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आधी त्यांना उत्तर दे," तिने फोन पुढे केला. "माझं आपण नंतर बघू. मला नीट विचारशील तेव्हा."

बापूने ट्यूबा उचलला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने तो आबांच्या मांडीवर दिला. आबांनी दोन्ही हात पसरून घेतला. बापू फोन घेऊन बोळात आला.  त्याने फोन कानाला लावला आणि स्पष्ट म्हणाला, "हो. येतोय मी." तिकडच्या बाईंना आनंद झाल्यासारखा वाटला. त्या काहीतरी विचारत होत्या.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. सूर नव्हता. नुसत्या व्हॉल्व्हची दबकी टपटप होती, खाली, वर, दोन एकदम, मग एक लांब थांबा. बापूला तो थांबा माहीत होता. दमाला थांबायची ती जागा. मधेच तुटलेली चाल आबा दमाशिवाय पुरी करत होते, आणि लय जराही सुटली नव्हती.

कधी येता, असं बाई पुन्हा विचारत होत्या. बापूला ऐकू आलं होतं. पण आतली चाल संपेपर्यंत त्याला काही बोलता आलं नाही.